देवाघरी गेलं म्हणताना आपण नक्की काय म्हणतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या पेपरात वेगवेगळ्या धर्मांत लहान मुलांबद्दल काय मानतात यावर एक लेख आला होता, त्यात ख्रिस्ती लोकांबद्दल एकच वाक्य होतं, की बाप्तिस्मा (पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा) न होता बाळ गेलं तर ते नरकात जातं असं ख्रिस्ती धर्म मानतो. मग पुढच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत कोणीतरी उत्तर दिलं की छे, बायबलप्रमाणे १२ वर्षांपर्यंत मुलांना पाप लागतच नाही. दोन्हीची कात्रणं माझ्यासमोर आहेत. दोन्ही वाक्यं चूक आहेत, आणि नुसती चूक असती तर मी पत्र लिहायला बसले नसते, पण या दोन वाक्यांनी माणसांना किती त्रास होतो ते मी जवळून बघितलंय म्हणून लिहितेय. पत्र मोठं झालंय, कापावं लागलं तर कापा, फक्त बाळांबद्दलचा भाग ठेवा एवढी विनंती.

मी २२ वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवते. ६ ते १४ वयाची मुलं. मी काही धर्मशास्त्राची पदवी घेतलेली नाही, पण या विषयावर जे हाती लागलं ते वाचत गेले, कारण मला गरज होती.

माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ नऊ दिवसांचं होऊन गेलं. वेळेच्या खूप आधी झालं होतं, काचेच्या पेटीत होतं, तिला फक्त आत हात घालून त्याच्या तळपायाला बोट लावता यायचं. घरी आणलं की बाप्तिस्मा करू असं ठरलेलं होतं, ते राहिलं. दफनाच्या दिवशी, माती अजून ओली होती, आणि आमच्याच ओळखीतल्या एका बाईंनी तिच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हटलं, बाप्तिस्मा तरी करून घ्यायचा होता गं. बस एवढंच. त्या बाई वाईट नाहीत, त्यांना तसंच शिकवलेलं होतं. पण माझी बहीण त्यानंतर कित्येक महिने रात्री उठून बसायची आणि मला एकच विचारायची, ताई, मी त्याला तिथे पाठवलं का? तिला उत्तर द्यायला तेव्हा माझ्याकडे काही नव्हतं, मी फक्त नाही गं नाही गं म्हणत राहिले.

तर आधी ते पहिलं वाक्य. ते हवेतून आलेलं नाही हे मान्य करते. चौथ्या-पाचव्या शतकात ऑगस्टीन नावाचा बिशप होऊन गेला (३५४ ते ४३०), पश्चिमेकडच्या चर्चवर त्याच्याइतका ठसा फार कमी लोकांचा आहे. पेलाजियस नावाचा संन्यासी तेव्हा शिकवत होता की पहिला माणूस आदाम, त्याचं पाप त्याचं एकट्याचं, आपण जन्मतो ते कोऱ्या पाटीसारखे. ऑगस्टीनला ते अजिबात पटलं नाही. त्याचं म्हणणं, मग बाळाला ख्रिस्ताची गरजच काय? आणि गरज नसेल तर आपण बाळांना बाप्तिस्मा कशाला देतो? या प्रश्नावर तो मागे हटला नाही आणि शेवटी त्याला म्हणावं लागलं की बाप्तिस्मा न झालेली बाळंसुद्धा शिक्षेतच आहेत, फक्त ती शिक्षा सगळ्यात सौम्य. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसचं शिक्षण नाकारलं. इथवर तुमच्या लेखकाचं बरोबर आहे. पण ते तिथेच थांबले, ख्रिस्ती लोक मात्र तिथे थांबले नाहीत, पुढे सोळाशे वर्षं यावर विचार चालू आहे आणि रडणंही चालू आहे!

मुळात ऑगस्टीनच्या आधीही सगळे एका सुरात बोलत नव्हते. साधारण इसवी सन २०० च्या सुमाराला टर्टुलियन नावाचा ख्रिस्ती लेखक म्हणत होता की मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई नको, निरागस वयाला पापक्षमेची एवढी घाई कशासाठी. आणि त्यानंतर पन्नासेक वर्षांनी सिप्रियन हा बिशप उलट सांगत होता की आठव्या दिवसापर्यंतसुद्धा थांबू नका. म्हणजे आज आमच्यात बाळांचा बाप्तिस्मा करणारे आणि मोठ्यांचाच करणारे जो वाद घालतात तो तेव्हाही होताच.

मध्ययुगातल्या धर्मपंडितांनाही ती शिक्षेची कल्पना सहन झाली नाही असं वाटतं, त्यांनी लिंबो नावाची जागा कल्पिली, तिथे दुःख नाही, यातना नाहीत, उलट एक नैसर्गिक सुख आहे, पण देवाचं दर्शन नाही. पिढ्यान् पिढ्या आयांना हेच सांगितलं गेलं. आता हे कितीजणांना माहीत आहे बघा, की लिंबो हा कॅथलिक चर्चचा ठरलेला सिद्धांत कधीच नव्हता. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणात सरळ लिहिलंय की बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं आणि त्यांच्या तारणाची, म्हणजे देवाने त्यांना वाचवून जवळ घेण्याची, आशा धरायला जागा आहे, आणि तिथे आधार म्हणून येशूचं 'मुलांना माझ्याकडे येऊ द्या' हेच वाक्य दिलंय जे आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. मग २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने या एकाच विषयावर मोठा दस्तावेज काढला, त्याच्या नावातच आशा हा शब्द आहे. तुमच्या लेखाने हे सगळं सोडून दिलं.

प्रॉटेस्टंट बाजूला तर ज्यांची नावं ऐकून लोकांना कडक शिस्त आठवते त्या ल्यूथर आणि कॅल्विन या दोन्ही धर्मसुधारकांच्या घरात लहान मूल गेलेलं होतं. ल्यूथरची एलिझाबेथ १५२८ मध्ये गेली, वर्षाचीही नव्हती. कॅल्विनचा मुलगा १५४२ मध्ये जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेला. त्याच १५४२ साली ल्यूथरने ज्यांची बाळं बाप्तिस्म्याआधी गेली किंवा पोटातच गेली अशा बायांसाठी सांत्वनाचं छोटं लिखाण छापलं, त्यात त्याचं म्हणणं असं की या आईचे उसासे, तिची न बोललेली प्रार्थना देव ऐकतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बहिणीला फोन करून वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही, पण फोनही ठेवला नाही. आणि कॅल्विनने सुइणींनी घाबरून घाईघाईत करायचे बाप्तिस्मे नाकारले, कारण त्याच्या मते देवाचं वचन विश्वासणाऱ्या आईबापांसारखंच त्यांच्या मुलांनाही आहे, पाणी डोक्यावर पडायच्या आधीच आहे. पुढे कॅल्विनच्या परंपरेतल्या चर्चांच्या डॉर्टच्या सभेने (१६१८-१९) म्हटलं की विश्वासणाऱ्या आईबापांनी लहानपणी गेलेल्या आपल्या मुलांच्या तारणाबद्दल शंका घेऊ नये. त्याच परंपरेतल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासाच्या कबुलीत (१६४६) मात्र निवडलेली (म्हणजे देवाने तारणासाठी निवडलेली) बाळं असा शब्द आहे, आणि त्या एका शब्दाने पुढे खूप लोकांची झोप उडवली, कारण निवडलेली म्हणजे काही न निवडलेलीही असणार का? शेवटी १९०३ मध्ये अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चने जाहीर खुलासा केला की त्या शब्दाचा अर्थ काही बाळांचा नाश होतो असा घ्यायचा नाही. इंग्लंडमधला उपदेशक स्पर्जन तर कट्टर कॅल्विनवादी, तोही १८६१ च्या एका उपदेशात ठामपणे सांगतो की बाळपणी गेलेलं प्रत्येक मूल तारलं गेलंय, मग आईबाप कोणीही असोत.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. ते मानतात की आदामापासून आपल्याला मरण आलं, दुबळेपणा आला, पापाकडचा ओढा आला, पण त्याचा गुन्हा आपल्या खात्यावर आलेला नाही. तरी ते तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात, अभिषेक करतात आणि लगेच प्रभुभोजनसुद्धा देतात. म्हणजे बाप्तिस्मा हा फक्त गुन्हा पुसायलाच असतो ही समजूतच मुळात एका बाजूची आहे.

आता ते दुसरं वाक्य, १२ वर्षांचं. हे मला जास्त टोचतं कारण ते माझ्या वर्गात येऊन बसलेलं आहे.

दोनेक वर्षांपूर्वी वर्ग संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. सगळे गेले तरी हा बेंचचा कोपरा नखाने खरवडत उभा. मी विचारलं काय रे, तर म्हणाला, टीचर, पुढच्या गुरुवारी मला १२ पूर्ण होतायत. मी म्हटलं अरे वा. तर त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, मग बुधवारपर्यंत मेलो तर स्वर्गात आणि शुक्रवारी मेलो तर नरकात, असंच ना? त्याला हे कुठल्याशा मुलांच्या शिबिरात सांगितलं होतं, तिथे रात्री लाइट घालवून नरकाचं वर्णन केलं आणि मग ज्यांना वाचायचंय त्यांनी हात वर करा म्हटलं. याने हात वर केला होता. पण घरी आल्यावर त्याला वाटायला लागलं की आपण घाबरून केला, मनापासून केला नाही, म्हणजे तो धरला जाणार नाही. अकरा वर्षांचं पोर मनातल्या मनात हा हिशेब करत दोन महिने फिरत होतं आणि आम्ही कोणीही ओळखलं नाही, मीसुद्धा नाही.

बायबलमध्ये १२ हा आकडा यासाठी कुठेही नाही. कुठेच नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात येशू १२ वर्षांचा असताना मंदिरात शिक्षकांमध्ये बसलेला दिसतो, त्यावरून कोणीतरी ओढून आणलेला असावा. यहुदी परंपरेत मुलगा १३ व्या वर्षी आज्ञा पाळायला बांधील होतो, पण तीही नंतरची परंपरा, मोशेच्या नियमशास्त्रातली नाही. कॅथलिक चर्चमध्ये १२१५ च्या सभेने समजुतीचं वय आल्यावर वर्षातून एकदा तरी पापकबुली करावी असं ठरवलं पण वय सांगितलं नाही, ते १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी साधारण ७ च्या आसपास धरलं, आणि तिथेही आसपासच म्हटलंय, थोडं मागेपुढे. बायबलमधल्या गणना या पुस्तकात इस्राएल लोकांनी रानात कुरकुर केली म्हणून २० वर्षं आणि वरच्यांना वचनदत्त देशात जायला बंदी झाली. म्हणजे ७, १२, १३, २०. आकडा शोधायला गेलं की असं होतं.

आणि बायबल खरं ज्याबद्दल बोलतं ते समजणं आहे. रानातल्या त्याच गोष्टीबद्दल अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात (१:३९) देव म्हणतो की तुमची लेकरं, ज्यांना आज बरं-वाईट कळत नाही, ती त्या देशात जातील. यशया ७ मध्ये वाईट टाकून चांगलं निवडायला मुलगा शिकण्याआधी, असा शब्दप्रयोग आहे. योनाचं पुस्तक तर संपतंच या प्रश्नावर, की ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं निनवेत आहेत, मी त्यांची कीव करू नको का? (ती सगळी लहान मुलंच की अख्खं शहर यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण देवाच्या मनाचा कल कुठे आहे ते दिसतंच.) याकोब म्हणतो चांगलं काय ते कळत असून जो करत नाही त्याला ते पाप आहे. कळत असून. पौल रोमकरांस पत्रात ५:१३ मध्ये म्हणतो नियमशास्त्र नसतं तिथे पाप हिशेबात धरलं जात नाही, ते तो लहान मुलांबद्दल म्हणत नव्हता हे मला माहीत आहे, तरी त्यातून दिशा कळते.

हे समजणं कधी येतं? मी सांगते मी काय बघितलंय. सव्वा वर्षाचं मूल शेजारच्याच्या हातातला खडू ओढून घेतं आणि सगळ्यांसमोर तोंडात घालतं, खुशाल बघतं आपल्याकडे. तेच मूल चार-साडेचारचं होतं, आणि एक दिवस तो खडू पाठीमागे धरून भिंतीला टेकून उभं राहतं, काय लपवलंस विचारलं तर मान हलवतं, काहीच नाही. त्या दोन खडूंच्या मधे काहीतरी झालेलं असतं. देवाची आज्ञा मोडल्यावर बागेत आदामही झाडाआड लपला होता. पण ते नक्की कोणत्या दिवशी झालं हे आईलाही सांगता येणार नाही, आणि लपवायला कळलं म्हणजे देवाला नकार देणं काय हेही लगेच कळलं असं नाही, ते हळूहळू उजाडतं, पहाट कोणत्या मिनिटाला झाली ते कोण सांगणार. म्हणून मी कुठल्याही मुलाच्या बाबतीत तारीख सांगत नाही.

आता कोणी म्हणेल की मग बाळ निष्पापच असतं असं सरळ म्हणा ना. इथे मला जरा सावध राहावंसं वाटतं. मुलं देवाघरची फुलं आपण सहज म्हणतो, आणि माया म्हणून ते खरंच आहे, पण दावीद राजाने स्तोत्र ५१ मध्ये स्वतःबद्दल म्हटलंय की आईच्या उदरापासून मी पापातच आहे, आणि रोमकरांस पाचव्या अध्यायात आदामाचं सगळ्यांपर्यंत पोचलेलं मरण आहेच, ते पुसून टाकता येत नाही. ऑगस्टीनने आत्मकथनात एका तान्ह्या बाळाचं लिहिलंय, अजून बोलता येत नाही पण दुसरं बाळ दुधाला लावलेलं बघून चेहरा पांढराफटक आणि नजर कडवट. ज्यांनी जुळी वाढवलीत त्यांना हे सांगायला नको. तो कल आपल्यात असतोच. पण कल असणं आणि त्याचा जाब विचारला जाणं या दोन गोष्टी एक नाहीत, यहेज्केल १८ मध्ये देव स्पष्ट म्हणतो की मुलगा बापाच्या अपराधाचा भार वाहणार नाही, जो पाप करील तोच मरेल. म्हणून माझा विश्वास असा आहे की नऊ दिवसांचं बाळ देवाजवळ जातं ते त्याला तारणाऱ्याची गरज नव्हती म्हणून नाही, तर तारणाऱ्याने त्याला घेतलं म्हणून. त्याने काही केलं नाही, हात वर केला नाही, प्रार्थना म्हटली नाही, आणि मला वाटतं कृपा म्हणजे काय हे आमच्यापैकी कोणापेक्षाही त्या बाळाच्या बाबतीत जास्त स्वच्छ दिसतं. माझ्या या म्हणण्याला सगळ्या मंडळ्या, म्हणजे वेगवेगळी चर्चं, हो म्हणणार नाहीत. कॅथलिक फादर आशा म्हणतील, मी खात्री म्हणते, आणि हा फरक खरा आहे, पण नरकात जातं असं यातलं कोणीही आज म्हणत नाही.

वयाच्या आकड्याला धरून बसलं की आणखी एक माणूस बाहेर राहतो. आमच्या मंडळीत एक जण आहे, चाळिशीला आलाय, पण समज चार-पाच वर्षांच्या मुलाएवढी. गाणं सुरू झालं की टाळ्या वाजवतो, थांबलं तरी वाजवत राहतो. त्याची आई आता थकलीये, तिने एकदा मला विचारलं की याचा हिशेब १२ च्या पुढचा धरायचा का. समजण्यावर बोललो असतो तर या माउलीला हे विचारावंच लागलं नसतं.

येशू याबद्दल काय म्हणाला ते मार्कच्या दहाव्या अध्यायात आहे आणि त्यातला एक बारीक शब्द आपल्या वाचनातून निसटतो. शिष्य लेकरांना आणणाऱ्यांना दटावत होते तेव्हा येशूला राग आला. मुलांना माझ्याकडे येऊ द्या हे आपण चित्रात नेहमी हसऱ्या चेहऱ्याने बघतो, पण ते वाक्य तो चिडून बोललाय, मोठ्या माणसांवर चिडून. लूक तर तीच घटना सांगताना मूळ ग्रीकमध्ये तान्ह्या बाळासाठीचा शब्द वापरतो, गव्हाणीतल्या येशूसाठी त्यानेच वापरलेला तोच शब्द. म्हणजे ती कडेवरची बाळं होती, ज्यांना विश्वास, पश्चात्ताप काही कळायची शक्यता नव्हती, आणि देवाचं राज्य अशांचं आहे असं तो त्यांच्याकडे बघून म्हणाला. पुढे त्यांना कवेत घेतलं, डोक्यावर हात ठेवला. मत्तय १८ मध्ये या लहानांपैकी एकाचाही नाश व्हावा अशी स्वर्गातल्या पित्याची इच्छा नाही असं आहे, आणि त्याच अध्यायात लहानाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून समुद्रात बुडवलेलं बरं असंही आहे. लाइट घालवून मुलांना घाबरवणाऱ्यांनी ते एकदा वाचावं, मी हे रागाने लिहितेय आणि तसंच छापा.

मुलांना पापाबद्दल सांगूच नये असं मी म्हणत नाही, मी दर रविवारी सांगते. चोरलेला खडू परत द्यायला लावते, सॉरी म्हणायला लावते, देवालाही सांग म्हणते. पण त्यासाठी मरणाची तारीख दाखवावी लागत नाही.

शेवटी दाविदाचं. बहिणीला ज्याने खरा धीर आला ते हेच, २ शमुवेल १२. त्याचं बाळ आजारी होतं, तो सात दिवस जमिनीवर पडून उपाशी प्रार्थना करत होता, सातव्या दिवशी बाळ गेलं. त्या बाळाचं नावसुद्धा तिथे लिहिलेलं नाही. आणि नियमशास्त्रात सुंता आठव्या दिवशी, तेव्हा तो सातवा दिवस जन्मापासूनचा असेल तर देवाच्या करारात सामील व्हायची खूणसुद्धा त्या बाळाला मिळाली नव्हती (आजारपणापासूनचा असेल असंही काही जण म्हणतात). नोकर सांगायला घाबरत होते, दाविदाला कुजबुजीवरूनच कळलं. मग तो उठला, अंघोळ केली, देवाच्या घरी जाऊन आला आणि जेवायला वाढा म्हणाला. लोकांना नवल वाटलं तेव्हा त्याने सांगितलं की आता मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे परत येणार नाही. काही अभ्यासक म्हणतात याचा अर्थ फक्त मीही एक दिवस मरेन एवढाच. असू शकेल. पण नुसतं मीही मरेन म्हणून कोणी उठून जेवायला बसतं का, हे मला पटत नाही, आणि माझ्या बहिणीलाही पटलं नाही. तिने ते वाक्य वहीत लिहून ठेवलंय, त्याच पानात बाळाच्या मनगटाला बांधलेली हॉस्पिटलची पट्टी आहे, त्यावर नावाच्या जागी फक्त तिच्या नावापुढे 'चे बाळ' असं लिहिलेलं.

तो मुलगा आता १३ पार करून गेलाय. त्या गुरुवारी मी मुद्दाम त्याच्या घरी गेले होते आणि आम्ही त्याच्या आईसमोर बसून मार्कचा तोच भाग वाचला. त्याने विचारलं, राग आला असं लिहिलंय, तो मुलांचा नाही ना? मी म्हटलं नाही रे, मुलांचा नाही.

तुमच्या लेखातल्या त्या वाक्याची दुरुस्ती छापावी ही विनंती. चौकट मोठी नसली तरी चालेल. कुठल्या तरी घरात आत्ता कोणी रात्रीची उठून बसलेली असेल आणि तिने तुमचा पेपर वाचलेला असेल.

आपली,
एक संडे स्कूल टीचर